विमानाच्या मॉडेलला रंग देताना: डबीच्या निवडीपासून शेवटच्या मॅट थरापर्यंत

१:७२ प्रमाणाच्या मॉडेलवर रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर जाड बसला, तर खऱ्या विमानाच्या हिशेबाने तो सात मिलिमीटरांहून जाड होतो. असा लेप अंगावर घेऊन कोणतेही विमान उडालेले नाही. किट जोडायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाचा बहुतेक वेळ नेमकी छटा शोधण्यात जातो, आणि तो शोध मोलाचा आहेच. पण पूर्ण झालेले मॉडेल खेळण्यासारखे दिसते तेव्हा छटा चुकली हे त्याचे कारण क्वचितच असते. पॅनेलच्या बारीक रेषा रंगाने बुजलेल्या असतात, कॉकपिटमधली बटणे एकमेकांत मिसळलेली असतात, पंखाच्या मागच्या कडेला एखादा ओघळ सुकून बसलेला असतो. म्हणून या लेखात छटेपेक्षा थराबद्दल अधिक लिहिले आहे: तो पातळ कसा ठेवावा, कशावर बसवावा आणि दुसरा हात देण्याआधी किती थांबावे.

रंगांचे चार प्रकार

मॉडेलसाठी मिळणारे रंग ढोबळमानाने चार प्रकारांत मोडतात. बाटलीवरच्या छटेचे नाव वाचण्याआधी हा प्रकार पाहावा, कारण थिनर कोणता घ्यायचा, वाळायला किती वेळ लागेल आणि कोणत्या थरावर कोणता थर चालेल, हे सगळे त्यावरूनच ठरते.

पहिला प्रकार एनॅमलचा. हम्ब्रॉलच्या १४ मिलिलिटरच्या छोट्या डब्या या प्रकारातल्या आहेत. एनॅमल व्हाइट स्पिरिटने किंवा कंपनीच्याच थिनरने पातळ होतो. तो सावकाश वाळतो, आणि सावकाश वाळतो म्हणूनच ब्रशच्या केसांच्या खुणा आपोआप भरून येऊन पृष्ठभाग सपाट होतो. मात्र हाताला कोरडा लागणारा एनॅमल आतून पक्का व्हायला कित्येक दिवस घेऊ शकतो. तो पक्का झाला की नाही, हे नाकाने ओळखावे: मॉडेल अगदी जवळ धरल्यावर वास येत असेल, तर द्रावक अजून बाहेर पडतो आहे असे समजून पुढचे काम थांबवावे.

दुसरा प्रकार पाण्यावर आधारित ॲक्रिलिकचा. वायेहोचे मॉडेल कलर आणि मॉडेल एअर हे रंग याच प्रकारातले. त्यांपैकी मॉडेल कलर ब्रशसाठी दाट ठेवलेला असतो आणि मॉडेल एअर एअरब्रशसाठी, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनसारख्या साधनासाठी, आधीच पातळ केलेला असतो. वास जवळजवळ नसतो, ब्रश पाण्याने धुता येतो, आणि घरात इतरांच्या सोबत बसून काम करता येते. पण हा रंग उघड्या प्लॅस्टिकला घट्ट धरत नाही. प्राइमर, म्हणजे रंगाला पकड देणारा पहिला थर, न देता लावला, तर मास्किंग टेप उचलताना तो सालीसारखा सुटून येतो. आणि पुरता पक्का होण्याआधी पॉलिश पेपरने घासला, तर गुळगुळीत होण्याऐवजी रबरासारखा गोळा होतो.

तिसरा प्रकारही ॲक्रिलिकच म्हणवतो, पण त्याचा आधार अल्कोहोल आणि तत्सम द्रावकांचा असतो. तामियाच्या एक्स आणि एक्सएफ या मालिका, तसेच मिस्टर हॉबीची एच मालिका यात येतात. तामियाच्या क्रमांकांत एक्स म्हणजे चकाकणारे रंग आणि एक्सएफ म्हणजे मॅट रंग. एअरब्रशमधून हे रंग अतिशय सुरेख बसतात. ब्रशने लावताना मात्र दुसरा हात देताच पहिला हात पुन्हा ओला होऊन ओढला जातो, आणि नवशिक्याला वाटते की आपलाच हात वाईट आहे.

चौथा प्रकार लॅकरचा: मिस्टर कलर, तामियाची एलपी मालिका आणि धातूच्या रंगांसाठी नावाजलेला अलक्लॅड. लॅकर प्लॅस्टिकला किंचित विरघळवून त्यात रुजतो, मिनिटांत वाळतो आणि सर्वांत पातळ, सर्वांत टणक थर देतो. त्याची वाफही सर्वांत जहाल असते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला एकच नाव असल्यामुळे फार गोंधळ होतो. पाण्याच्या ॲक्रिलिकमध्ये लॅकर थिनर घातला, तर नासलेल्या दुधासारखा रंग फाटतो, आणि तो एअरब्रशच्या पेल्यात फाटला, तर नोझलमधून रबराचे धागे काढत बसावे लागते. उलट तामियाच्या ॲक्रिलिकला लॅकर थिनर उत्तम मानवतो. तेव्हा सुरुवातीला प्रत्येक रंगासोबत त्याच कंपनीचा थिनर घ्यावा. काटकसर करायची तर ती इतरत्र करावी.

माझे मत विचाराल तर ब्रशने रंगवणाऱ्याने पाण्याच्या ॲक्रिलिकपासून किंवा एनॅमलपासून सुरुवात करावी आणि एअरब्रश असलेल्याने अल्कोहोलच्या ॲक्रिलिकपासून. लॅकरकडे वळण्याची घाई नसावी. हवा खेळती ठेवण्याची पक्की सोय झाली की मग वळावे. कोणताही प्रकार निवडला, तरी निदान तीन-चार मॉडेले त्यावरच काढावीत, कारण पातळ करण्याचे प्रमाण, वाळण्याचा वेळ आणि ब्रशची ओढ हे सगळे हाताला कळावे लागते आणि दर वेळी प्रकार बदलला तर ते कळत नाही.

थरावर थर देताना जहाल द्रावकाचा रंग खाली आणि सौम्य द्रावकाचा वर, हा क्रम लक्षात ठेवावा. माझ्या सुरुवातीच्या एका हरिकेन विमानाच्या मॉडेलवर मी एनॅमलचे दोन रंग लावले, दोन दिवस थांबलो आणि वरून लॅकरची चकाकी फवारली. दहा मिनिटांत डाव्या पंखावर, तापलेल्या दुधावर साय आक्रसावी तशा सुरकुत्या उमटल्या. वरचा द्रावक खालच्या अर्धकच्च्या एनॅमलमध्ये शिरला होता. तो पंख पार प्लॅस्टिकपर्यंत खरवडून पुन्हा रंगवावा लागला. लॅकरचा प्राइमर, त्यावर ॲक्रिलिकचा रंग, त्यावर चकाकीचा पारदर्शक थर आणि त्यावर एनॅमलचा वॉश (रेषा उठावदार करणारा अतिपातळ रंग), ही रचना सहसा दगा देत नाही.

छटा कशी ठरवावी

किटच्या माहितीपत्रकात बहुधा एकाच कंपनीचे क्रमांक दिलेले असतात. त्यांवर अवलंबून राहण्याऐवजी मूळ रंगाचे अधिकृत नाव शोधावे, कारण ते नाव सापडले की कोणत्याही कंपनीची बाटली घेता येते. अमेरिकी विमानांसाठी एफएस ५९५ ही रंगांना क्रमांक देण्याची सरकारी पद्धत १९५६पासून वापरात आली आणि २०१७मध्ये तिची जागा एएमएस-एसटीडी-५९५ने घेतली; पाच आकडी क्रमांक मात्र मॉडेलकारांच्या तोंडी तेच राहिले. या क्रमांकातला पहिला आकडा चकाकी सांगतो: १ म्हणजे ग्लॉस, २ म्हणजे सेमी-ग्लॉस आणि ३ म्हणजे मॅट. दुसरा आकडा रंगाचा गट सांगतो: ४ हिरवा, ५ निळा, ६ करडा. म्हणजे एफ/ए-१८ हॉर्नेटवरचे ३६३७५ आणि ३६३२० हे दोन्ही मॅट करडे आहेत, हे पत्रक न उघडताही कळते. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन विमानांच्या रंगांना आरएलएम, म्हणजे जर्मन हवाई मंत्रालयाचे, क्रमांक असतात. लढाऊ विमानांवर वारंवार दिसणाऱ्या ७४, ७५ आणि ७६ या करड्या छटा त्यांतल्याच. ब्रिटिश विमानांच्या रंगांना डार्क अर्थ, डार्क ग्रीन, स्काय अशी नावे आहेत.

नावासोबत तारीखही पाहावी. १९४०च्या उन्हाळ्यातील स्पिटफायरवर वर तपकिरी डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, खाली फिकट हिरवट स्काय असे रंग असत. ऑगस्ट १९४१मध्ये तपकिरीच्या जागी करडा ओशन ग्रे आणि पोटाखाली मीडियम सी ग्रे आला. विमान तेच, पण एका वर्षाच्या फरकाने तीनपैकी दोन बाटल्या बदलतात. म्हणून आधी डिकॅलवरचे (किटमधल्या, पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांवरचे) नेमके विमान आणि त्याचा काळ ठरवावा आणि मग रंग विकत घ्यावा.

आणखी एक गोष्ट नवशिक्याला चकवते. अचूक क्रमांकाचा रंग आणला तरी मॉडेलवर तो गडद दिसतो. १:७२चे मॉडेल आपण ३० सेंटिमीटरवरून पाहतो तेव्हा ते खरे विमान २१ मीटरांहून अधिक अंतरावरून पाहण्यासारखे असते, आणि एवढ्या अंतरात हवा रंगाला थोडा फिका, थोडा धुरकट करते. यावर उपाय म्हणून रंगात थोडा पांढरा किंवा फिकट करडा मिसळतात. मॉडेल जितके लहान, तितके हे प्रमाण जास्त. लाल रंगात मात्र पांढरा घातला की तो गुलाबी होतो, तिथे थोडा नारिंगी घालावा. हिरव्यालाही पांढऱ्यापेक्षा पिवळसर फिकट छटा अधिक शोभते. निखळ काळा तर मी मॉडेलवर वापरतच नाही: टायरांसाठी तामियाचा एक्सएफ-८५ हा रबरी काळा किंवा एखादा अतिगडद करडा घेतला की लँडिंग गिअरच्या कोनाड्यातली सावली आणि टायर वेगळे दिसतात.

रंगाआधीची तयारी

कारखान्यात साच्यातून भाग सुटावेत म्हणून वापरलेल्या तेलकट पदार्थाचा अंश कधी कधी प्लॅस्टिकवर राहतो, आणि हाताळताना बोटांचे तेलही लागते. म्हणून भाग स्प्रूवर, म्हणजे ते जिला जोडून येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर, असतानाच कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवावेत आणि हवेवर वाळू द्यावेत. जोडणी आणि घासकाम संपल्यावर, रंगाच्या अगदी आधी, मॉडेल पुन्हा एकदा पुसून घ्यावे. तेलकट डागावर रंग पसरत नाही, तो गोल खळगे सोडून बाजूला सरतो.

कॉकपिट, इंजिन आणि चाके जोडणीच्या आधी किंवा ओघात रंगवावी लागतात. तेव्हा ज्या कडांना पुढे सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक जोडण्याचा गोंद, लागणार आहे, त्यांवर रंग येऊ देऊ नये आणि आला तर पात्याने खरवडावा. मॉडेलचे सिमेंट दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिक विरघळवून सांधा घडवते. मध्ये रंग असेल तर ते फक्त रंग विरघळवते आणि चाकाचा पाय पहिल्या धक्क्याला निखळतो.

प्राइमर टाळू नये. मिस्टर सरफेसर १००० किंवा तामियाचा करडा सरफेस प्राइमर दिल्यावर सारे मॉडेल एकाच रंगाचे होते, आणि पुट्टी, प्लॅस्टिक व सिमेंटच्या डागांमुळे न दिसलेला सांधा लख्ख दिसू लागतो. धडाच्या पाठीवरून आणि पंखाच्या पुढच्या कडेवरून नजर तिरपी ठेवून, दिवा एका बाजूला धरून पाहावे. रेघ दिसली तर ती भरून १००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासावी आणि तेवढ्याच भागावर पुन्हा प्राइमर द्यावा. हे दोन-तीनदा करावे लागले तरी कंटाळू नये, कारण प्राइमरखाली राहिलेला सांधा पुढच्या सगळ्या थरांतून तसाच दिसत राहतो. चकचकीत उघड्या धातूचे विमान करायचे असेल, तर करड्या प्राइमरऐवजी आरशासारखा गुळगुळीत काळा ग्लॉस थर द्यावा. अलक्लॅडसारख्या रंगांची चमक त्या काळ्यामधून येते.

ब्रशने रंगवणे

एअरब्रश नाही म्हणून कोणी थांबू नये. १:७२चे एकआसनी विमान ब्रशने उत्तम रंगवता येते, फक्त घाई चालत नाही. पंखासाठी मऊ सिंथेटिक केसांचा, सुमारे ८ ते १० मिलिमीटर रुंदीचा चपटा ब्रश घ्यावा. लहान ब्रशने मोठा भाग रंगवला तर खुणा वाढतात. रंग बाटलीतून थेट उचलू नये. तो पॅलेटवर काढून थोडा पातळ करावा, ब्रशचे टोकच बुडवावे आणि जादाचा रंग कडेला पुसून घ्यावा.

पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेकडे, एका दिशेने, शेजारी शेजारी फटकारे ओढावेत. पहिल्या हातानंतर खालचे प्लॅस्टिक ठिकठिकाणी दिसेल आणि काम बिघडल्यासारखे वाटेल. ते बिघडलेले नसते. त्या क्षणी अर्धवट वाळलेल्या जागी ब्रश परत फिरवला की वरची साय फाटते आणि खड्डा पडतो. म्हणून दिसलेली उणीव तशीच सोडून पुढे जावे. पाण्याच्या ॲक्रिलिकला दोन हातांमध्ये निदान तास-दोन तास आणि एनॅमलला एक पूर्ण दिवस द्यावा. दुसरा हात पहिल्याला काटकोनात द्यावा, तिसरा पुन्हा पहिल्या दिशेने. पिवळा, लाल आणि पांढरा हे रंग झाकण्यात दुबळे असतात, त्यांना चार हातही लागतात. पिवळ्या आणि लालच्या खाली आधी पांढरा दिला की काम निम्म्यावर येते.

एअरब्रश आणि स्प्रे कॅन

एअरब्रश घ्यायचा झाला तर ०.३ मिलिमीटर नोझलचा, वर पेला असलेला आणि हवा व रंग दोन्ही एकाच खटक्याने वेगवेगळे आवरता येणारा, म्हणजे डबल ॲक्शन प्रकारचा घ्यावा. कॉम्प्रेसरला टाकी असेल तर दाब एकसारखा राहतो, आणि ओलावा धरणारा सापळा असेल तर पाण्याचे थेंब रंगात येत नाहीत.

मुख्य कौशल्य रंग पातळ करण्यात आहे. दुधाइतका पातळ, असे सगळेच सांगतात; ते ओळखायचे कसे, ते असे. पेल्यात रंग आणि थिनर ढवळल्यावर काडीने एक थेंब पेल्याच्या आतल्या भिंतीवर चढवावा आणि पाहावे. तो जिथल्या तिथे जाड पडद्यासारखा अडून राहिला, तर रंग दाट आहे. पाण्यासारखा सरकन खाली उतरून मागे काहीच राहिले नाही, तर फार पातळ आहे. सावकाश घरंगळत खाली आला आणि मागे रंगाची झिरझिरीत पातळ चादर राहिली, तर तो फवारण्याजोगा झाला. तामियाच्या ॲक्रिलिकला हे साधारण रंगाइतकाच थिनर घातल्यावर साधते आणि बारीक रेषांसाठी थिनर दुपटीपर्यंत जातो.

हवेचा दाब १५ ते २० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ठेवावा आणि अंतर १० ते १५ सेंटिमीटर. हवा आधी सोडावी, फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करावा, हात न थांबवता मॉडेलवरून न्यावा आणि पलीकडे जाऊन बंद करावा. हात जिथे रेंगाळतो तिथे ओघळ येतो. पहिला हात इतका विरळ असावा की रंग दिला की नाही अशी शंका यावी. त्याने पुढच्या हातांना पकड मिळते. त्यानंतरचे हात किंचित ओलसर असावेत, म्हणजे दिव्याचे प्रतिबिंब क्षणभर पृष्ठभागावर दिसून लगेच विरले पाहिजे.

दोष समोर आला की आधी त्याचे मूळ शोधावे. पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत झाला, तर रंग हवेतच सुकतो आहे: अंतर कमी करावे, दाब उतरवावा किंवा थिनर वाढवावा. संत्र्याच्या सालीसारखा दिसला, तर रंग दाट आहे. रंगाच्या मध्यापासून कोळ्याच्या पायांसारख्या रेषा पसरल्या, तर रंग फार पातळ आहे किंवा एअरब्रश फार जवळ आहे. फवारा अडखळू लागला, तर बहुधा सुईच्या टोकावर रंग सुकला आहे. थिनरमध्ये भिजवलेल्या ब्रशने तो हलकेच पुसावा. पावसाळी दमट हवेत लॅकर फवारला तर ओलावा थरात अडकून पांढुरका धुरकटपणा येतो, आणि अशा दिवशी काम पुढे ढकलणेच शहाणपणाचे. काम संपताच पेला, नोझल आणि सुई स्वच्छ करावी. सुई मागच्या बाजूने काढावी आणि तिचे टोक कशावरही आपटू देऊ नये, कारण टोक वाकलेली सुई सरळ फवारा देत नाही.

स्प्रे कॅनने रंगवतानाही हात फिरवण्याची पद्धत हीच. कॅन निदान मिनिटभर हलवावा आणि गार हवेत काही वेळ कोमट पाण्यात ठेवावा, म्हणजे कण बारीक पडतात. उकळत्या पाण्यात किंवा विस्तवाजवळ कॅन कधीही नेऊ नये, तो फुटतो.

आरोग्याबाबत मी कोणतीही सूट देणार नाही. धूळ अडवणारा साधा मास्क द्रावकाची वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफ शोषणाऱ्या काडतुसांचा रेस्पिरेटर लागतो. उघडी खिडकी आणि हवा बाहेर फेकणारा पंखा हवा, आणि त्या खोलीत जळती ज्योत नसावी. पाण्याच्या ॲक्रिलिकला वास नसला तरी फवारलेले कण फुफ्फुसात जातातच, म्हणून तेव्हाही मास्क लावावा.

रंगांचा क्रम आणि मास्किंग

फिकट रंग आधी, गडद नंतर. १९४४च्या जूनमधील नॉर्मंडी स्वारीच्या वेळी मित्रराष्ट्रांच्या विमानांवर काढलेले काळे-पांढरे पट्टे हे याचे उत्तम उदाहरण आहे. एका इंजिनाच्या विमानावर तीन पांढरे आणि दोन काळे असे पाच पट्टे, प्रत्येकी १८ इंच रुंद असत. १:७२मध्ये एका पट्ट्याची रुंदी ६.३५ मिलिमीटर येते आणि १:४८मध्ये सुमारे साडेनऊ. आधी पाचही पट्ट्यांची सारी जागा पांढरी करावी, ती पुरती वाळू द्यावी, त्यानंतर तिन्ही पांढऱ्या पट्ट्यांवर बरोबर त्या रुंदीची टेप लावून मधले दोन काळे फवारावेत. मूळ पट्टे अनेक ठिकाणी एका रात्रीत, घाईघाईने, ब्रशने रंगवले गेले होते, त्यामुळे एखादी कड किंचित वाकडी राहिली तरी ती इतिहासाला धरूनच असते.

मास्किंग टेप मॉडेलसाठी बनवलेलीच घ्यावी. लावण्याआधी ती हाताच्या मागच्या बाजूला एकदा चिकटवून सोडवावी, म्हणजे तिची पकड मवाळ होते. लावल्यावर तिची रंगाकडची कड काडीच्या टोकाने दाबून बसवावी, विशेषतः पॅनेल रेषांवर, कारण गळती तिथूनच होते. दुसरा रंग देण्याआधी टेपच्या कडेवर खालचाच रंग एकदा विरळ फवारला, तर फटी त्याच रंगाने बुजतात आणि नव्या रंगाला आत शिरायला वाट उरत नाही. टेप काढताना ती स्वतःवरच मागे दुमडून, पृष्ठभागाला लागून, सावकाश ओढावी. वर उचलून ओढली तर रंग घेऊन येते.

छलावरणाच्या दोन रंगांमधली सीमा किंचित मऊ हवी असेल, तर ब्लू टॅकसारख्या लगद्याच्या बारीक वळ्या करून त्या सीमेवर ठेवाव्यात आणि आतली जागा टेपने झाकावी. वळीचा गोलवा पृष्ठभागापासून जरा उचललेला असतो, त्यामुळे सरळ वरून फवारल्यास कड किंचित विरते. तिरके फवारल्यास रंग वळीखाली शिरून सीमा पुसट होते.

चकाकी, डिकॅल, वॉश आणि मॅट

रंग मॅट असेल तर डिकॅल त्यावर थेट लावू नयेत. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो, डिकॅलच्या पडद्याखाली हवा अडकते आणि वाळल्यावर तिथे चंदेरी झाक दिसते. म्हणून तामियाच्या एक्स-२२सारखा पारदर्शक ग्लॉस पातळ हातांनी द्यावा आणि किमान एक दिवस थांबावे. डिकॅल बसवण्याआधी त्या जागी मायक्रो सेट हा द्रव लावावा आणि जागेवर बसवल्यावर वरून डिकॅल मऊ करणारा मायक्रो सोल. सोल लागताच डिकॅल आक्रसतो, सुरकुततो आणि सारे वाया गेले असे वाटते; त्या वेळी बोट किंवा ब्रश लावू नये. थोड्या वेळात तो मऊ होऊन आपोआप पॅनेल रेषांत उतरतो आणि रंगवल्यासारखा दिसू लागतो.

डिकॅलवर ग्लॉसचा आणखी एक हात देऊन मग पॅनेल रेषांसाठी एनॅमलचा वॉश सोडावा. तो काळा नसावा. फिकट विमानाला करडा आणि हिरव्या-तपकिरी विमानाला गडद तपकिरी पुरेसा असतो. रेषेला ब्रशचे टोक टेकवले की वॉश तिच्यातून स्वतःच धावतो. अर्धा तास झाला की राहिलेला वॉश थिनरने जेमतेम ओलसर केलेल्या कापडाने, हवेचा झोत विमानावरून जसा वाहतो त्या दिशेने, म्हणजे पुढून मागे पुसावा.

शेवटचा हात मॅटचा. तो जाड झाला तर पृष्ठभागावर पांढरी बुरशी चढल्यासारखी दिसते, म्हणून बाटली भरपूर ढवळून दोन विरळ हात द्यावेत.

कॅनॉपीवरचे, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावरचे, मास्किंग या मॅट हातापर्यंत तसेच ठेवावे. तिच्या चौकटीवर सर्वांत आधी कॉकपिटच्या आतला रंग फवारलेला असावा आणि त्यावर विमानाचा बाहेरचा रंग, म्हणजे काचेतून आत पाहिल्यावर चौकट आतूनही योग्य रंगाची दिसते. टेप काढण्याआधी चौकटीच्या कडेने नव्या पात्याचे टोक अगदी हलके फिरवावे, म्हणजे रंगाचा पडदा टेपबरोबर न ओढता कडेलाच तुटेल. नंतर लाकडी टोकदार काडीने टेपचा कोपरा उचलून चिमट्याने ती काढावी. काचेवर कुठे रंगाचा कण गेला असेल, तर तो धातूने खरवडू नये; त्याच काडीचे टोक थिनरमध्ये किंचित भिजवून कण हळूच ढकलून काढावा.